आमचा पंप तेल देतो

७ जानेवारी

काल लिहिलेलं पान फाडून टाकलं. भावना जास्त, कार्यक्रम कमी. आज नीट सुरुवात.

मी पदवीधर झाले. घरात पहिली. बी.ए., राज्यशास्त्र. बाबांनी माझा पदवीदानाचा फोटो काचेत बसवून घेतला आणि घरात न लावता बोटीत लावला, सुकाणूच्या वर. आता या काठावरून त्या काठाला जाणारा प्रत्येक प्रवासी मला काळ्या झग्यात बघतो. दादा म्हणतो, लोकांना वाटतं बोटीवर वकील ठेवलीय, तिकीट बुडवलं तर केस होईल. दादाला विनोदाचं अंग नाही.

संकल्प: बोट शास्त्रशुद्ध चालवायची. वेळापत्रक. लाइफ जॅकेट. इंजिनाची नियमित देखभाल. बाबांचा उजवा खांदा आता वर जात नाही आणि दादाचं मन बोटीत नाही. मग उरतं कोण? बाबा हे तोंडाने बोललेले नाहीत. बोलायचं कशाला? आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी न बोलता ठरतात.

रोज पहाटे पाचला उठणार.

८ जानेवारी

साडेसातला उठले. थंडी.

१० जानेवारी

गोदामाच्या ऑफिसातून निरोप. क्लार्कची जागा रिकामी आहे, मुलीला पाठवा. बाबांनी जेवताना दोनदा विचारलं, जाऊन येतेस का. मी म्हटलं, सध्या माझ्या हातात मोठं काम आहे. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. हातात तेव्हा घास होता.

१३ जानेवारी, दुपार

शोध लागला! सुकाणूजवळच्या बाकड्याखालच्या पेटीत, जुन्या दोरांच्या तळाशी, इंजिनाबरोबर आलेलं मूळ पुस्तक सापडलं. प्लास्टिकची पिशवी फोडलेलीसुद्धा नव्हती. इंग्रजीत आहे म्हणून कोणी हातच लावला नाही. म्हणजे इतकी वर्षं ज्ञान पेटीत होतं आणि बाबा पेटीवर बसून बोट चालवत होते. (हे घरात बोलायचं नाही.)

१४ जानेवारी

चौतिसावं पान. इंजिनाच्या कुशीला डिझेल पंप असतो. त्याच्या पोटात त्याचं स्वतःचं वेगळं तेल असतं, इंजिनाच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. चालता चालता डिझेल त्यात झिरपतं, तेल पातळ होतं, पातळी वर चढते, इंजिनाचा आवाज डळमळतो आणि आतले भाग झिजतात. म्हणून दर पन्नास तासांनी तेल बदला. खालच्या बुचातून काढायचं, वरच्या बुचातून भरायचं. किती सोपं आहे. राज्यघटनेपेक्षा तर फारच सोपं.

आमचं इंजिन उभ्या जागी धापा टाकतं. आवाज वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. आम्हाला वाटायचं, म्हातारं झालं.

बाबांना विचारलं, पंपाचं तेल शेवटचं कधी बदललं? बाबा अभिमानाने म्हणाले, कधीच नाही. आमचा पंप तेल पीत नाही. आमचा पंप तेल देतो.

आणि खरंच देतो. बाजूचं बूच सैल केलं की तेल आपसूक बाहेर येतं. बाबा ते बाटलीत धरतात. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या, दादाची सायकल, आईचं शिलाई मशीन, शेजाऱ्यांचं फाटक, सगळं या तेलावर. लोक रिकाम्या बाटल्या घेऊन येतात. मागच्या घरातल्या काकू तर ते गुडघ्याला चोळतात आणि उतार पडतो म्हणतात. बोटीचा पायगुण! हे ऐकत मी मोठी झाले. आज कळलं, ज्याला आम्ही बरकत म्हणत होतो ती गळती आहे.

१५ जानेवारी

जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. आकृती काढली. बाबांनी ती सरळ धरून बघितली, उलटी धरून बघितली, म्हणाले, चित्र छान आलंय. आई म्हणाली, म्हणूनच माझं मशीन कापडावर पिवळे डाग पाडतं होय! एक मत मिळालं. दादा म्हणाला, मॅडम, बिचारा पंप देतोय तर घ्यावं गपचूप, वर त्याची चौकशी कशाला बसवता? मॅडम हा शब्द तो आदरानेच वापरत असावा.

धक्क्यावरच्या मिस्त्रींना पुस्तक दाखवलं. ते म्हणाले, चालतंय ना? मग झाकण लावा. ते सगळ्याच इंजिनांबद्दल हेच सांगतात. जाताना बाबांकडून अर्धी बाटली भरून घेऊन गेले.

समाज बदलायला वेळ लागतो, हे मी परीक्षेतही लिहिलं होतं. तिथे बरे मार्क मिळाले होते.

२० जानेवारी

पाचला उठण्याचा संकल्प मागे घेतला. थकलेल्या शरीराकडून विधायक काम होत नाही.

जलवाहतूक खात्याला अर्ज धाडला. ‘छोट्या प्रवासी बोटींच्या देखभालीबाबत काही सूचना.’ अकरा पानं. चौतिसाव्या पानाची आकृती सोबत जोडली.

२७ जानेवारी

दादा डोळे तपासून आला, रक्तही देऊन आला. का, विचारलं तर म्हणाला, असंच. फोटोसुद्धा काढून आणले, पासपोर्ट साइजचे. शेवटी त्यालाही तब्येतीचं महत्त्व पटलं. घरात एक जरी शिकलं तरी असा फरक पडतो.

१ फेब्रुवारी

खात्याचा माणूस आला! इतक्या लवकर! जाड चष्मा, खिशाला दोन पेनं. बाबा त्यांना सगळी बोट फिरून दाखवत होते. त्यांनी फळ्या बोटांच्या पेरांनी ठोकून बघितल्या, दोर ओढून बघितले, तळातलं पाणी चाखून बघितलं. इतका कसून तपास! मी पुढे होऊन नमस्कार केला आणि म्हटलं, अर्ज माझाच. ते म्हणाले, हो का, वा. मी देखभालीची माझी सगळी योजना सांगितली. ते घड्याळ न बघता ऐकत होते. फक्त दोनदा बघितलं.

मग त्यांनी इंजिन चालू करायला लावलं. कान लावून ऐकलं. म्हणाले, बोट चांगली आहे हो, पण याला दम लागतोय. असं दमेकरी मी काय करू? आणि निघून गेले. माणूस चोख आहे.

बाबा दिवसभर गप्प. त्यांना आपल्या निष्काळजीपणाची लाज वाटत असणार. मी त्यांना टोचून बोलले नाही. एकदाच बोलले.

३ फेब्रुवारी

आज सकाळी बाबा आपणहून म्हणाले, ते तुझं तेलाचं काय होतं? दमाचं म्हणत होतीस ते? बदल बघू.

मी जिंकले. कोणी काही म्हणो, घरात ज्ञान आलं. दादा तोंड फिरवून हसत होता. हसू दे.

५ फेब्रुवारी

इंजिनाचं झाकण काढून आत उतरले. खालचं बूच सापडलं, फिरवलं, लगेच निघालं. माझा कामाचा झपाटा बघून मीच चकित. काळं, घट्ट तेल आलं. येत राहिलं. डबा भरला. पातेलं भरलं. मग बोटीचा तळ भरायला लागला. पुस्तकात लिहिलं होतं, पेलाभर तेल निघेल.

ते पंपाचं नव्हे, इंजिनाच्या मुख्य तेलाचं, चेंबरचं बूच होतं.

वर धक्क्यावर प्रवासी रांगेत उभे. दादाने वाकून आत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, अरे, आज फेरी बंद! बीए चालू आहे!

चूक माझी नाही. आकृती इंजिनाच्या डाव्या बाजूने काढलीय आणि मी उजव्या बाजूला बसले होते. पुस्तकवाल्यांना पत्र लिहायला हवं.

६ फेब्रुवारी

पातेलं आईचं होतं. तिने ते दाराबाहेर ठेवलं. इंजिनात नवं तेल बाबांनी भरलं.

१० फेब्रुवारी

आज बूच बरोबर. डाव्या बाजूने गेले. पण ते जन्मात उघडलेलं नव्हतं. पाना घसरला, बुचाचे कोपरे झिजून गोल झाले, माझ्या बोटांची सालटी निघाली. मिस्त्री वरून म्हणाले, ताई, आम्ही काय म्हणालो होतो? मी म्हटलं, माझं मला जमेल. जमलं नाही. तेही आजच्यापुरतं.

हाताचा डिझेलचा वास जात नाही. साबण झाला, माती झाली, राख झाली. जेवताना घासाला वास, झोपताना उशीला. आई म्हणाली, एवढं शिकवलं आणि हात शेवटी बापासारखेच झाले. हे ती रडवेली होऊन म्हणाली, पण मला आतून फार बरं वाटलं. दिवसभर हात हुंगत होते.

१४ फेब्रुवारी

माझ्या मार्गदर्शनाखाली मिस्त्रींनी छिन्नी आणि हातोड्याने बूच काढलं. मी टॉर्च धरला होता.

आणि पुस्तकात होतं तसंच! पाण्यासारखं पातळ, पिवळट, डिझेलचा भपकारा, आणि पेल्याऐवजी चांगले तीन पेले. मिस्त्री बघत राहिले. म्हणाले, हे तेल कुठाय, हे तर डिझेलच आहे! मग म्हणाले, तरी बिजागरीला चालतं बरं का.

नवं बूच बसवलं. वरून नवं तेल भरलं, गळ्यापर्यंत. पान उलटलं तर पुढे लिहिलेलं: भरताना बाजूचं बूच उघडं ठेवा, तिथून तेल बाहेर आलं की थांबा. ही सूचना पान उलटल्यावर द्यायची का? बाजूचं बूच उघडलं आणि जादा तेल चिळकांडीसारखं थेट तोंडावर आलं. नवीन तेलाला वास बरा असतो.

१५ फेब्रुवारी

इंजिन चालू केलं. आवाज आला आणि तिथेच राहिला. वर नाही, खाली नाही. सरळ, एका सुरात. मी आजवर इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही.

बाबांनी झाकणावर हात ठेवला आणि खूप वेळ तसेच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

मला कळलं. आमच्या घरात असंच असतं. आज बोट माझी झाली.

१८ फेब्रुवारी

योजना: पहिल्या वर्षी सहा फेऱ्यांच्या आठ. म्हाताऱ्यांसाठी चढायला कठडा. दादाला हिशोबाचं काम, त्याचे डोळे आता तपासलेले आहेत. गोदामाच्या ऑफिसातून पुन्हा निरोप. बाबांनी परस्पर सांगून टाकलं की मुलगी एक तारखेनंतर येईल. त्यांना नाही म्हणणं जड जातं. वेळ आली की मी सांगेन.

२२ फेब्रुवारी

खात्याचे चष्मेवाले पुन्हा आले. बाबांनीच बोलावून घेतलं होतं. इंजिन चालू केलं. चष्मेवाल्यांनी चहाचा भरलेला कप झाकणावर ठेवला आणि खाली वाकून चहाकडे बघत बसले. एक थेंब सांडला नाही. त्यांनी तोच चहा उचलून पिऊन टाकला आणि बाबांना म्हणाले, झालं म्हणा मग.

पास! मी त्यांना चौतिसाव्या पानाबद्दल पुन्हा सांगायला लागले. ते म्हणाले, ताई, तुमच्यामुळेच झालं हे, नाहीतर मी दुसरी बघणार होतो.

दुसरी म्हणजे दुसरी बोट, आदर्श बोट म्हणून. किती थोडक्यात वाचलो आम्ही.

२६ फेब्रुवारी

बाबांनी माझा फोटो बोटीतून काढून घरी आणला. काच पुसली, भिंतीवर लावला. डिझेलच्या धुराने खराब होतो म्हणाले. इतकी वर्षं इंजिनाची काळजी घेतली नाही, पण फोटोची घेतात. बसायची उशीही घरी आणली. धुवायला असेल.

दादाने नवे बूट घेतले, काळे. मोठी जहाजं ओढणाऱ्या कंपनीच्या टगबोटीवर लागतात तसले. सांगितलं पाहिजे, लाकडी बोटीवर असले बूट घसरतात.

४ मार्च

वेळापत्रकाचा बोर्ड रंगवते आहे. पांढऱ्यावर निळं. आई चौकटीत उभी राहून बघत होती. म्हणाली, हे कशासाठी गं? मी म्हटलं, कळेल. तिने खाली सांडलेला रंग फडक्याने पुसला. मग म्हणाली, अक्षर छान आहे तुझं. ऑफिसात उपयोग होईल.

८ मार्च, संध्याकाळ

बोर्ड, खिळे आणि हातोडी घेऊन धक्क्यावर गेले. बोट रंगवायला काढली होती. हिरवी बोट अर्धी पिवळी झाली होती. रंगारी म्हणाला, बाई, बाजूला व्हा, ओला आहे. मला वाटलं, मान्यता मिळाल्यावर खात्याचा रंग देत असतील.

बाबांच्या जागी चष्मेवाले बसले होते. मी विचारलं, खात्याचे लोक स्वतः चालवूनही बघतात का? ते म्हणाले, कुठलं खातं? बोट घेतली मी. तुमच्या बाबांनी सांगितलं नाही?

बोर्ड घेऊन घरी आले. जड होता.

८ मार्च, नंतर

घरात सगळे जेवायचे थांबले होते. दादाची टगबोटीवरची नोकरी महिन्यापूर्वीच पक्की झालीय, उद्यापासून हजर व्हायचंय. बाबा म्हणाले, माझ्याने आता सुकाणू ओढवत नाही. मग ठेवायची कोणासाठी?

मी म्हटलं, माझ्यासाठी.

मग बाबांनी विचारलं, तुला हवी होती? मी म्हटलं, दोन महिने मी दुसरं काय करतेय? बाबा म्हणाले, अगं, मला वाटलं शिक्षण संपलं, विरंगुळा म्हणून करतेस. दादा आज मॅडम म्हणाला नाही. म्हणाला, तू तेलाबद्दल इतकं बोललीस, बोटीबद्दल एक शब्द तरी बोललीस का गं?

बाबा म्हणाले, आणि बोलली असतीस तरी मी दिली नसती. त्या इंजिनापाशी बसून मला कमी ऐकू यायला लागलं, खांदा गेला. तुला शिकवलं ते तिथेच बसवायला? तू पंख्याखाली बस. एवढं बघू दे मला.

मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, पण खरं सांगू? तो माणूस पहिल्यांदा परतच गेला होता. तू तेल बदललंस म्हणून बोट विकली गेली. तुझ्या शिक्षणाचं चीज झालं.

बाबांनी माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. म्हणून लिहून ठेवलं.

९ मार्च

काही नाही.

१२ मार्च

ऑफिस. माझी खुर्ची पंख्याच्या बरोबर खाली आहे. कागद उडतात म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. बाबांना सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, वारा येतो ना? मी म्हणते, भरपूर.

संकल्प: ऑफिस शास्त्रशुद्ध चालवायचं. मालाच्या नोंदींची नवी पद्धत हेडक्लार्कना सुचवली. ते म्हणाले, चालतंय ना? मग राहू दे.

तिकडेही एक मिस्त्रीच आहेत.

२० मार्च

खात्याचं उत्तर आलं. अर्ज मिळाला, धन्यवाद, आकृती कशाची आहे ते कळवावे.

४ एप्रिल, शनिवार

चष्मेवाले पार्सल सोडवायला ऑफिसात आले. खुशीत होते. म्हणाले, ताई, बोट म्हणजे लक्ष्मी आहे तुमची. तुमचे बाबा म्हणाले होते ते अगदी खरं निघालं. पंप तेल पीत नाही, उलट देतो! फाटकाला घातलं, सायकलला घातलं. ही बाटली तुमच्यासाठी, हक्काची. फक्त आवाज पुन्हा जरा वर-खाली होतोय, पण ते हवेमुळे असेल.

मी उभी राहिले. त्यांना सांगायला सुरुवात केली, की डिझेल झिरपायचं थांबलेलं नाही, तेल पातळ होत राहणार, ते बदलत राहावं लागतं, नाहीतर पंप बसेल. हेडक्लार्क म्हणाले, मॅडम, पावती. मी पावती लिहिली. चष्मेवाले गेले.

उद्या रविवार आहे. उद्या सकाळी पुस्तक, पाना आणि नवं तेल घेऊन स्वतः धक्क्यावर जाणार. बोट कोणाची का असेना, इंजिन माझं आहे. लवकर उठणार. पाचला.

५ एप्रिल, रविवार

नऊला उठले. केस धुतले. दुपारी जरा पडले.

कपाटाचं दार करकरत होतं. बाटलीतले दोन थेंब बिजागरीला घातले. आता करकरत नाही.

हाताला थोडा वास लागला होता. साबणाने गेला.